वाड्याच्या भिंतीला सिमेंट नको

प्रश्न : सासवडजवळच्या आमच्या जुन्या वाड्याच्या भिंती पांढऱ्या मातीच्या आहेत. गोठ्याकडच्या भिंतीला केलेला सिमेंटचा गिलावा फुगून पडतोय. काय करावं?

उत्तर : सिमेंटमुळे ओल आतच कोंडते, गिलाव्यामागची माती पिठासारखी भुगभुशीत झालेली दिसेल. तो छिन्नीने, हलक्या हाताने काढा. घणाचे दणके अजिबात नकोत! पण आधी गोठा बघा. गोमूत्रातले क्षार भिंतीत चढत असतील, तर कुठलाच गिलावा टिकणार नाही. जमिनीचा उतार भिंतीपासून दूर, मोरीकडे हवा. भिंत वाळली की माती, भुसा आणि शेण आठवडाभर भिजवून, रोज तुडवून बोटभर जाड थर द्या. भेगा पडल्या तर माती फार चिकण आहे, वाळू वाढवा. वरून चुन्याचे 3 पातळ हात.