'तुम' म्हटलं आणि बिनसलं

प्रिय स.,

लग्न होऊन सोलापूरहून इंदूरला आलीस, सियागंजात एका किराण्याच्या पेढीवर बिलिंगला लागून आठ महिने झाले. शेजारच्या टेबलावरच्या, पन्नाशीच्या सहकारी तुझ्याशी कामापुरतंही धड बोलत नाहीत. डब्याच्या वेळी सगळ्या त्यांच्याभोवती आणि तू एकटी. "माझं काय चुकलं तेच कळेना, नोकरी सोडू का मावशी?" असं विचारलं आहेस.

सोडू नकोस. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिसऱ्या वेळी एका वाक्यापाशी थांबले. "मी इतकंच म्हटलं, 'बाई, तुम ये बिल देख लो', तर त्यांनी हातसुद्धा पुढे केला नाही. 'रख दो' म्हणाल्या."

अगं, तिथेच गाठ बसली आहे. सासऱ्यांना तू 'तुम्ही' म्हणतेस, तेच मनात धरून हिंदीत 'तुम' म्हणतेस. पण हिंदीत 'तुम' बरोबरीच्यांना नाहीतर धाकट्यांना, मोठ्यांना 'आप'च लागतं. इंदुरी बोली तशी ऐसपैस, 'बैठिए'ऐवजी 'आप बैठो' सर्रास चालतं. 'आप' मात्र सुटता कामा नये. आणि 'बाई'! आपल्याला शाळेतल्या बाई आठवतात. इथल्या विमानतळालाही अहिल्याबाईंचंच नाव आहे. पण ऑफिसात नुसतं 'बाई' म्हटलं की त्यांना धुणीभांडी करणारी बाई ऐकू येते. तिलाही मानानेच हाक मारावी, हे माझं ठाम मत. तरी त्यांना काय लागलं असेल ते तुला कळलं असेल.

मीही पुण्याहून इथे आले तेव्हा एका शाळेत मुख्याध्यापकांना वर्षभर 'तुम' म्हणत होते. शेवटी शिपायाने चहा देताना हळूच सांगितलं. स्टाफरूममधल्या एकीलाही ते मला सांगावंसं वाटलं नव्हतं, याचं मला फार लागलं होतं. म्हणून सगळी चूक तुझ्या पदरात मी टाकणार नाही.

सकाळी गिऱ्हाइकांची गर्दी व्हायच्या आत, त्या एकट्या असताना जा. "दीदी, मराठी में बड़ों को तुम्ही कहते हैं, मैं वही सोचकर तुम कहती रही. बुरा लगा हो तो माफ कर दीजिए." एवढंच बोल आणि आपल्या जागेवर ये. लगेच हसून बोलतील अशी आशा धरू नकोस, आठ महिन्यांचं साचलेलं आहे. सवयीने पुन्हा 'तुम' निघेल, तिथल्या तिथे सुधार.

त्या तुझ्या चुका सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवतात असंही तू लिहिलं आहेस, ते मात्र वेगळं. तो विषय त्याच दिवशी काढू नकोस. पंधरा दिवस जाऊ देत, मग "गलती हो तो मुझे अलग से बता दीजिए" असं स्पष्ट सांग. त्यानंतरही चारचौघांत पाणउतारा होत राहिला, तर मालकांच्या कानावर घाल. माफी मागितली म्हणून काहीही ऐकून घ्यायचं, असं नाही.

आणि डब्याच्या वेळी बोलावण्याची वाट बघू नकोस. खुर्ची ओढून त्यांच्यात बस. माहेरून शेंगाचटणी आली असेल तर डबी उघडून मधे ठेव.

काय झालं ते नक्की कळव.

तुझी,
मावशी