साखर सोडली तरी रक्तातील साखर कमी होत नाही. रोजच्या कोणत्या सवयी लावाव्यात?

आपण लिहिले आहे की निदान झाल्यापासून साखर पूर्ण बंद केली, चहात गूळ घेता, भाताऐवजी भाकरी खाता, गुरुवार आणि एकादशी पाळता, आणि तरीही जेवणानंतरची साखर २४० च्या आसपास राहते. मी डॉक्टर नाही. गेली ११ वर्षे टाइप २ मधुमेह सांभाळणारा निवृत्त शिक्षक आहे, आणि आपण जे करत आहात तेच मीही पहिले दीड वर्ष मोठ्या निष्ठेने केले होते.

गुळात खनिजे थोडी अधिक असली तरी त्याचा बहुतेक भाग साखरच असतो, त्यामुळे चहातला गूळ आधी बंद करा. भाकरीत पिठीच्या पोळीपेक्षा तंतू जास्त असतात हे खरे, परंतु ज्वारी हेही पिष्टमय धान्यच आहे आणि ‘भाकरी चालते’ म्हणून मी तीन-तीन खात असे. यातले काय आपल्याला मानवते, हे ठरवण्याची सवय मला सर्वांत उपयोगी पडली: घरच्या ग्लुकोमीटरवर जेवणाआधी एकदा आणि जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी एकदा साखर तपासायची, आणि ताटात काय होते ते त्याच आकड्यांपुढे वहीत लिहायचे. पट्ट्या महाग असल्यामुळे हे रोज करण्याची गरज नाही. आठवड्यातून दोन-तीन जेवणे निवडली तरी महिनाभरात चित्र स्पष्ट होते. माझ्या वहीवरून कळले की एक भाकरी, वाटीभर मुगाची उसळ आणि भरपूर कोशिंबीर यांवर माझी साखर १८० च्या आत राहते, दुसऱ्या भाकरीला मात्र ती ओलांडते. बोटाला सुई टोचण्यापूर्वी हात धुऊन कोरडे करावेत. आंबा चिरलेल्या हाताने तपासून मी एकदा उगाच घाबरलो होतो.

उपवासाचे प्रकरण याहून अवघड आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि त्याच्या जोडीला बटाटा, रताळे, केळे आले की उपवासाचे ताट रोजच्या वरण-भातापेक्षा साखर अधिक वाढवू शकते. दुसरीकडे, ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने नेहमीचा डोस घेऊन पोट रिकामे ठेवले, तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. एका आषाढी एकादशीला मी सकाळी गोळी घेतली, फराळ दुपारवर ढकलला आणि अकराच्या सुमारास घाम फुटून हात थरथरू लागले. मीटरवर आकडा ५८ होता. अशा वेळी, म्हणजे साखर ७० च्या खाली गेल्यास, तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि आकडा वर आला नसेल तर तेवढीच साखर पुन्हा घ्यावी. (त्या वेळी पथ्य आठवू नये.) माणूस शुद्धीवर नसेल, तर मात्र तोंडात काहीही न घालता तातडीने वैद्यकीय मदत बोलवावी. तेव्हापासून उपवासाच्या आधी मी डॉक्टरांना गोळीबद्दल विचारतो आणि खिचडीऐवजी ताक, दाणे व काकडी यांवर भर देतो. उपवास सोडण्याचा आग्रह मी करणार नाही, पण गुरुवार आणि एकादशी दोन्ही पाळायलाच हवेत का, हे आपण ठरवावे.

व्यायाम म्हणून पहाटे एकदाच तासभर चालण्यापेक्षा मी प्रत्येक मोठ्या जेवणानंतर १५ मिनिटे चालतो, कारण चालताना स्नायू रक्तातील साखर वापरतात आणि जेवणानंतरची चढण तेवढी कमी होते. पाऊस असेल तर घरातल्या घरात येरझाऱ्या घालतो. झोपण्यापूर्वी आरसा धरून दोन्ही तळवे पाहतो, बोटांच्या बेचक्याही. संवेदना कमी झालेल्या पायाला जखम कळत नाही, म्हणून देवळाच्या तापलेल्या फरशीवरही मी मोज्यांशिवाय जात नाही. डोळ्यांच्या पडद्याची आणि लघवीतील प्रथिनांची तपासणी वर्षातून एकदा करून घेतो.

या सवयी आजपासून लावल्यात तर एचबीएवनसी लगेच पुढच्या आठवड्यात करू नका. ती तपासणी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते, त्यामुळे तिच्यात फरक दिसायला तेवढा काळ जाऊ द्यावा लागतो. मात्र वहीतले जेवणानंतरचे आकडे दोन-तीन आठवड्यांतही २४० वरच राहिले, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि औषध बदलायचे की वाढवायचे हे त्यांना ठरवू द्या.