दुकानातल्या मालावर किमतीची लेबलं मारायची लेबल गन नवी घेतलीस, आता एवढं ऐक

आकडे बदलताना ट्रिगर मोकळा ठेव. अर्धवट दाबलेला असताना टोकाची खुंटी फिरवलीस की आतले रबरी पट्टे सरकतात आणि ३ आणि ४ च्या मधलंच काहीतरी उमटतं. साध्या एका ओळीच्या गनला २१ बाय १२ मिमीचा रोल लागतो. तो घालून झाला की पहिली पाच-सहा लेबलं वहीवर मारून बघ. छाप फिकट आली तर शाईचा रोलर बदल. त्यावर स्टॅम्प पॅडची शाई ओतू नकोस, सगळं बरबटतं.

तेलाच्या बाटलीवर लेबल टिकत नाही म्हणतोस ना? आधी कोरड्या फडक्याने पूस. बहुतेक लेबलांना मुद्दाम बारीक काप दिलेले असतात, म्हणजे कोणी काढून दुसऱ्या डब्यावर चिकटवायला गेलं तर ते फाटतं. म्हणून लेबल स्वस्तातलं, बिनकापाचं घेऊ नकोस.

आणि हे मात्र मनापासून सांगतो: छापील एमआरपीवर जास्त किमतीचं लेबल कधीही मारायचं नाही. २०११ च्या वजनमापे नियमांत ते चालत नाही. किंमत कमी करायची असेल तर खुशाल लाव, पण मूळ एमआरपी झाकू नकोस. एक्स्पायरीची तारीखही उघडी राहू दे. औषधं आणि बाळाचं खाणं घेणारी माणसं आधी तीच शोधतात.