पाच एकर धान आहे. तणसाच्या (धानाच्या पेंढ्याच्या) गाठी बांधायला स्वस्तातला कोणता ट्रॅक्टर घ्यावा?

एचपी नंतर बघा, आधी क्लच बघा. आमच्या घरात यावरून अजून वाद चालतो, म्हणून लिहितोय.

आमच्याकडे, भंडारा जिल्ह्यात, हार्वेस्टर फिरला की तणस बांधीभर पसरून राहतं. ते जाळायचं माझ्या जीवावर येतं, गोठ्यात जनावरं आहेत. म्हणून भाऊजींनी आणि मी मिळून छोटा राउंड बेलर, म्हणजे तणसाच्या गोल गाठी बांधणारं यंत्र, घेतला. मी म्हणत होतो, ४० एचपी पुरे, पण डबल क्लच पाहिजे, म्हणजे अर्धा दाबला की फक्त चाकं थांबतात, बेलर फिरत राहतो. भाऊजींनी जुना ५० एचपीचा आणला, सिंगल क्लचचा. "ताकद असली की सगळं ओढतो," म्हणाले.

गाठ भरली की ट्रॅक्टर उभा करायचा आणि पीटीओ (बेलरला फिरवणारा ट्रॅक्टरमागचा शाफ्ट) फिरता ठेवायचा, तेव्हा गाठीवर सुतळी गुंडाळली जाते. सिंगल क्लचवर पाय दिला की चाकांबरोबर बेलरही थांबतो. समोर तणसाचा जाड ढीग आला तरी तेच. बेलर सारखा चोक व्हायचा, मग पीटीओ बंद करून हाताने तणस ओढत बसायचं. शेवटी शेजाऱ्यांचा ४० एचपीचा डबल क्लचवाला जोडला. बेलर तोच, बांधी तीच, आणि काम सरळ झालं. भाऊजी आजही म्हणतात तणस ओलं होतं. ओलं तणस दोन्ही ट्रॅक्टरना सारखंच होतं!

तेव्हा राउंड बेलरला ३५ ते ४५ एचपी, डबल क्लच, आणि पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर असताना पहिल्या गिअरमध्ये अगदी हळू चालणारा, एवढं बघा. कंपनी कोणतीही चालेल, तालुक्याला मेकॅनिक आणि पार्ट मिळाले पाहिजेत. लहान बांध्यांत मोठं धूड धुऱ्यापाशी वळतही नाही.

चौकोनी गाठींचा बेलर घेणार असाल तर मात्र ताकद जास्त लागते, तिथे भाऊजींचं खरं. आणि फक्त पाच एकरांसाठी बेलर विकत घेऊ नका, भाड्याने बोलवा. ट्रॅक्टर चिखलणीला, ट्रॉलीला लागणार असेल तरच घ्या.

जुना घेताना आरसीवर बँकेचा बोजा बघा. पीटीओ चालू ठेवून क्लच अर्धा दाबायला लावा. चाकं थांबली आणि शाफ्ट फिरत राहिला, तरच पैशाचं बोला.