वायर कुठे धरली आहे ते आधी पाहा

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

फ्रान्सच्या ब्रेस्ट बंदरातल्या 'आबेय बूरबाँ'चा फोटो पाठवून तू विचारलंस, एवढी 80 मीटरची टग (दुसरी जहाजं ओढणारं जहाज), मग सगळ्या केबिनी पुढेच का दाटल्यात आणि मागचं अर्धं डेक ओस का? प्रश्न वाचून फार बरं वाटलं. आराखडा हातात आला की बहुतेक जण आधी इंजिनाची ताकद बघतात. या टगची ताकद 21,740 अश्वशक्ती आहे, बोलार्ड पुल, म्हणजे जागच्या जागी ओढायचा जोर, सुमारे 200 टन. तू मात्र आधी दुसऱ्या जहाजाला ओढणारी वायर कुठे धरली आहे ते पाहा.

विंच, म्हणजे ती वायर गुंडाळणारं यंत्र, पार मागच्या टोकाला नसते, जहाजाच्या मध्याजवळ असते. वायर शेपटाला बांधली तर शेपूटच अडकून पडतं, मग सुकाणू कितीही फिरवा, टग वळत नाही. मध्याजवळून ओढ घेतली की मागचा भाग दोन्हीकडे मोकळा झुलतो. ते डेक वायरीला फिरायला ठेवलेलं आहे. कठडेही त्यासाठीच गोल आणि गुळगुळीत.

धोकाही तिथेच. वायर आडवी आली तर तीच ओढ टगला कुशीवर पाडते, सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून मागच्या कडेला वरखाली होणाऱ्या जाड पिना असतात. वर केल्या की वायर मधोमध कोंडली जाते, खाली घेतल्या की टगला वळता येतं. कधी काय करायचं हे कप्तानाने ठरवायचं.

मी कॅडेट असताना एका रात्री त्या डेकवर उभा होतो. वायर सैल पडलेली, मला वाटलं आता काही होत नाही. आमच्या दाभोळच्या सारंगाने (खलाशांच्या मुकादमाने) कॉलर धरून मला विंचच्या आडोशाला खेचलं. पाठोपाठ वायर पाण्यातून तणाणत वर आली आणि मी उभा होतो तिथला रंग खरवडून पलीकडे गेली.

भर समुद्रात वायर हजार मीटरहूनही जास्त सोडतात. मधे तिला झोळ पडतो आणि लाटांचे हिसके तो झोळ पचवतो. तरी वायर कधी कधी तुटतेच. 16 मार्च 1978 रोजी फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांताच्या किनाऱ्यासमोर 'अमोको कॅडिझ' या तेलवाहू जहाजाचं सुकाणू निकामी झालं. 'पॅसिफिक' टगने दोरी दिली, ती तुटली, पुन्हा दिली, तरी जहाज खडकावर गेलं आणि दोन लाख टनांहून जास्त तेल सांडलं. त्यानंतर फ्रान्सने ब्रेस्टला कायमची मोठी टग ठेवली. आधी 'आबेय फ्लाँद्र', 2005 पासून ही. वादळाची वर्दी आली की ती बंदर सोडून वेसाँ (इंग्रजीत उशांत) बेटाजवळ जाऊन थांबते. नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, इतकी उंच का, ते आता तुला कळेल.

पुढचा आराखडा पाठवशील तेव्हा विंचपासून मागच्या कडेपर्यंत वायरीची रेघ लाल पेन्सिलीने ओढ. ती दोन्ही बाजूंना जिथवर सरकेल तेवढा भाग रंगव. त्या लाल भागात कुणाला कामासाठी उभं राहावं लागत असेल, तर तिथे फुली मार.

तुझा,
काका