वाचकांचे प्रश्न : विमान मागे ढकलताना

प्रश्न : सुटण्याची वेळ झाली की एक ट्रॅक्टर विमानाला मागे ढकलत नेतो. इंजिनांमध्ये एवढी ताकद असताना विमान स्वतःच मागे का जात नाही? – एक वाचक, सातारा

उत्तर : जेट विमानाला मागे जाता येत नाही असे नाही. धावपट्टीवर उतरल्यावर वेग कमी करण्यासाठी इंजिनाचा झोत पुढे वळवण्याची जी सोय असते, ती वापरून विमान मागे नेण्याची पद्धत अमेरिकेतील काही कंपन्यांनी १९८० च्या दशकात नियमितपणे वापरली होती, आणि तीही मुख्यतः शेपटीजवळ इंजिने असलेल्या विमानांसाठी. पंखाखालची इंजिने मात्र जमिनीच्या फार जवळ असतात. झोत पुढे फेकला की एप्रनवरचे (विमाने उभी करण्याच्या जागेवरचे) खडे, धूळ आणि पडलेले लहानसहान स्क्रू उडतात, त्यांतले काही इंजिनातच ओढले जातात, आणि समोर टर्मिनलच्या काचा व कामावरची माणसे असतात. शिवाय वैमानिकाला मागचे काहीच दिसत नाही.

१३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनच्या विमानतळावर बर्फामुळे ट्रॅक्टरची चाके घसरू लागली, तेव्हा एअर फ्लोरिडाच्या बोइंग ७३७ च्या वैमानिकांनी हा उपाय करून पाहिला. विमान हलले नाही आणि दुसरा ट्रॅक्टर आणावा लागला. उड्डाणानंतर काही क्षणांतच ते विमान पोटोमॅक नदीवरील पुलाला धडकले आणि ७८ जणांचा मृत्यू झाला. अपघाताची मुख्य कारणे वेगळी होती : इंजिनाची बर्फरोधक यंत्रणा बंद राहिली होती आणि पंखांवर बर्फ साचलेला होता. लहान विमानतळांवरील एटीआरसारखी पंख्यांची विमाने मात्र पुष्कळदा अशी उभी केली जातात की निघताना ती स्वतःच वळून बाहेर पडतात. तेथे ढकलण्याची गरजच उरत नाही.

प्रश्न : ट्रॅक्टर सुटल्यावर एक कर्मचारी बाजूला उभा राहून लाल फीत लावलेली वस्तू उंच धरून दाखवतो आणि अंगठा वर करतो. हा निरोप देण्याचा रिवाज आहे की नियम? – एक वाचिका, ठाणे

उत्तर : हा नियम आहे, आणि माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा नियम हाच आहे.

ती वस्तू म्हणजे बायपास पिन. विमानाचे पुढचे चाक एरवी हायड्रॉलिक दाबाने वळते. ट्रॅक्टरने ते वळवायचे असेल, तर आधी हा दाब तोडावा लागतो, आणि त्यासाठी पुढच्या चाकाच्या खांबात ही पिन घालतात. पिन न घालता टो-बार (ट्रॅक्टर आणि पुढचे चाक जोडणारा दांडा) जोडला आणि वर कॉकपिटमध्ये हायड्रॉलिक यंत्रणा सुरू झाली, तर चाक अचानक वळून टो-बार जोराने फिरू शकतो आणि जवळच्या माणसाचे पाय मोडू शकतात. उलट, पिन विसरून आतच राहिली, तर विमान चालू लागल्यावर वैमानिकाच्या हाताने चाक वळणार नाही. टो-बारमध्येही मुद्दाम कमजोर ठेवलेल्या पिना असतात. ताण मर्यादेबाहेर गेला की त्या तुटतात आणि विमानाचा खांब वाचतो. तसे झाल्यास वैमानिकाने ब्रेक अगदी हळू लावायचा असतो, कारण मागे जाणारे विमान झटक्याने थांबले तर त्याची शेपटी खाली आपटू शकते.

ढकलणे पूर्ण झाले की वैमानिक पार्किंग ब्रेक लावतो आणि हेडसेटवरून तसे सांगतो. मग टो-बार सुटतो, पिन निघते, हेडसेटची तार काढली जाते. येथून पुढे जमिनीवरचा माणूस आणि वैमानिक यांचे बोलणे तुटलेले असते, इंजिने चालू असतात, आणि विमानाच्या नाकाखालचा भाग कॉकपिटमधून अजिबात दिसत नाही. त्यामुळे तो माणूस दूर, वैमानिकाला दिसेल अशा जागी जाऊन पिन दाखवतो : पिन बाहेर आहे, ट्रॅक्टर बाहेर आहे, मीही बाहेर आहे. वैमानिकाने ते डोळ्यांनी पाहून प्रतिसाद द्यायचा आणि मगच विमान हलवायचे. टॅक्सी करण्यासाठी, म्हणजे जमिनीवरून धावपट्टीकडे जाण्यासाठी, ग्राउंड कंट्रोलची परवानगी मिळाली, म्हणजे चाकाजवळ कोणी नाही असा तिचा अर्थ होत नाही, कारण टॉवरमधल्या नियंत्रकाला ते माहीत असण्याचा मार्गच नसतो.

हा दुवा सुटला म्हणजे काय होते, ते १६ डिसेंबर २०१५ च्या रात्री मुंबईत दिसले. एअर इंडियाचे हैदराबादला निघालेले एअरबस ए-३१९ विमान ढकलून झाल्यावर, जमिनीवरची माणसे बाजूला झाल्याची खात्री होण्याआधीच पुढे सरकले आणि एक तंत्रज्ञ इंजिनात ओढला जाऊन मरण पावला. अंधार, कानांवर आवाजरोधक, शेजारच्या विमानांचा गोंगाट अशा स्थितीत आपल्या मागचे विमान हलू लागल्याचे उभ्या माणसाला कळेलच असे नाही. अशा घटनांनंतर घाईबद्दल पुष्कळ लिहिले जाते, आणि वेळेवर सुटण्याचे दडपण खरेच असते. पण पिन पाहण्यासाठी लागणारे काही सेकंद कोणत्याही वेळापत्रकात सहज मावतात.

प्रश्न : मग माणसे दूर जाण्याआधीच इंजिने सुरू का करतात? – तोच विषय आणखी दोन वाचकांनी विचारला आहे.

उत्तर : वेळ वाचवण्यासाठी. ढकलत असतानाच इंजिने सुरू केली की ती तापायला लागणारी मिनिटे वेगळी मोजावी लागत नाहीत. यात धोका आहे, हे नाकारता येत नाही. बोइंग ७३७-८०० चे इंजिन मंद गतीवर असतानाही त्याच्या तोंडासमोर सुमारे ३ मीटरपर्यंत माणूस ओढला जाऊ शकतो, शक्ती वाढवली की ४ मीटरच्या पलीकडेही. मागच्या झोताचा पट्टा त्याहून कितीतरी लांब असतो. हे आकडे कर्मचाऱ्यांना माहीत असतात, तरीही अपघात होतात. ३१ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील माँटगोमेरी येथे नुकत्याच आलेल्या एम्ब्राएर विमानाच्या इंजिनाने एका कर्मचारी महिलेला ओढून घेतले. इंजिने चालू राहतील, हे विमान येण्याआधीच्या बैठकीत कर्मचाऱ्यांना सांगितलेले होते. त्यामुळे केवळ सूचना देण्यावर माझा फारसा भरवसा नाही. चुकण्याची जागाच कमी करणे अधिक परिणामकारक ठरते. काही ठिकाणी हेडसेटचा माणूस चाकाशेजारी चालत न जाता ट्रॅक्टरमध्येच बसतो. दिल्लीत एअर इंडियाने ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईला निघालेल्या, प्रवासी असलेल्या ए-३२० विमानासाठी टॅक्सीबॉट वापरला. हे वाहन वैमानिक कॉकपिटमधून चालवतो आणि इंजिने बंद ठेवून विमान धावपट्टीजवळ नेता येते. त्याचा गाजावाजा इंधनबचतीसाठी झाला. माझ्या दृष्टीने बंद इंजिनाजवळ माणसाने काम करणे हा त्याचा मोठा फायदा आहे.

प्रश्न : पावसाळ्यात दार बंद होऊनही विमान जागेवरच उभे राहते. पाऊस तर फारसा नसतो! – एक वाचक, पनवेल

उत्तर : कारण बहुधा पाऊस नसून वीज असते. उघड्या एप्रनवर, विमानाला तारेने जोडलेला हेडसेट कानाला लावून उभा असलेला माणूस विजेच्या दृष्टीने फार वाईट जागी असतो. विमानतळाच्या परिसरात वीज चमकत असेल तर एप्रनवरची कामे थांबवून कर्मचाऱ्यांना आत बोलावतात. ढकलायला माणूसच नसेल, तर वैमानिक तयार असूनही विमान हलू शकत नाही.