एक्स्टेन्शन लावलं की टॉर्क बदलतो का?

प्रश्न: नट अडचणीत आहे म्हणून टॉर्क रेंचला (ठरवलेल्या टॉर्कने, म्हणजे फिरवण्याच्या जोराने, नट आवळायचा पाना) क्रोफूट (बाजूने नटावर बसणारं उघड्या तोंडाचं पान्याचं डोकं) लावावा लागतोय. मॅन्युअलमध्ये ६० न्यूटन मीटर दिलंय, सेटिंग तेच ठेवू का?

उत्तर: नाही हो, नट जास्त आवळला जाईल! सॉकेटचा सरळ एक्स्टेन्शन रॉड असेल तर फरक पडत नाही, फक्त तो तिरका होऊ देऊ नका, पण क्रोफूट सरळ पुढे लावला की रेंचची लांबी वाढते आणि नटावरचा टॉर्कपण वाढतो. समजा मुठीच्या मध्यापासून ड्राइव्हच्या चौकोनापर्यंत (जिथे सॉकेट किंवा क्रोफूट बसतो) ४० सेंमी आणि तिथून नटाच्या मध्यापर्यंत ५ सेंमी, तर ६० गुणिले ४० भागिले ४५, म्हणजे सेटिंग साधारण ५३. मला विचाराल तर जागा असेल तिथे क्रोफूट रेंचला काटकोनात लावा, मग ६० वरच ठेवलं तरी चालतं. आणि हात मुठीच्या मध्यावरच हवा, मागे पाइप घालून तर अजिबात ओढू नका.